मशीन पाणी घेतच राहतं, तापतच नाही : लाँड्रीच्या मोठ्या मशीनचे लेव्हल आणि टेंपरेचर सेन्सर कसे तपासायचे

मशीन पाणी घेत राहिलं की फोन येतो तो ‘सेन्सर गेला’ असाच. पाणी तापलं नाही तरी तेच. दरवाजा उघडत नसला तरी सेन्सरच. रत्नागिरीपासून मालवणपर्यंतची हॉटेलं, रिसॉर्ट आणि काही हॉस्पिटलांच्या लाँड्र्या, तिथली पंधरा किलोपासून साठ किलोपर्यंतची मशीनं मी बघतो. लोकांनी ‘गेला’ म्हणून काढून ठेवलेले सेन्सर मी घरी एका पत्र्याच्या डब्यात जमवलेत. पावसात काम कमी असलं की एकेक काढून टेबलावर तपासतो. त्यातले कितीतरी ठणठणीत निघालेत. मशीनमध्ये बिघडलं होतं ते दुसरंच : नळी, कनेक्टर, ड्रेन व्हॉल्व्ह, नाहीतर हीटरची एक फेज.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. ड्रममध्ये खरोखर किती पाणी आहे आणि ते खरोखर किती गरम आहे, हे आधी स्वतः मोजायचं. मग मशीन काय आकडा सांगतंय ते बघायचं. दोन्ही जुळत असतील तर सेन्सरला हात लावायचा नाही, दोष दुसरीकडे शोधायचा. जुळत नसतील तरच नळी, वायर, सेन्सर, पीसीबी (मशीनचा कंट्रोल बोर्ड) या ओळीने पुढे जायचं. पीसीबी सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात महाग आणि मागवला की यायला वेळ लागतो.

हात घालण्याआधी

या मशीनला ४१५ व्होल्ट तीन फेज येतात. सेन्सरला मिळतात ५ किंवा २४ व्होल्ट, पण त्याच्या वायरी त्याच पेटीत कॉन्टॅक्टरच्या (मोटर-हीटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) शेजारून जातात. मेन स्विच खाली करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावलीत तरी कुलूप हवंच. लाँड्रीत सकाळी चादरींचा ढीग पडलेला असतो, आणि कुणीतरी घाईत येऊन स्विच वर करतं.

मोटरला इन्व्हर्टर ड्राइव्ह असेल तर वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये भार उरतो. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा. लिहिलेलं पुसलं गेलं असेल तर निदान दहा मिनिटं, आणि मग डीसी बसवर (ड्राइव्हच्या कपॅसिटरच्या टर्मिनलवर) मीटर लावून खात्री करा. वाफेवरच्या मशीनचा हाताने फिरवायचा स्टीम व्हॉल्व्ह बंद करा. टेंपरेचरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सेन्सरची दांडी, ड्रम पूर्ण रिकामा झाल्याशिवाय सैल करू नका. साठ-सत्तर अंशाचं पाणी मनगटावर आलं की कातडी सोलते. दरवाज्याचं लॉक शॉर्ट करून तपासणी कधीच नको. पावसाळ्यात लाँड्रीची फरशी कायम ओली असते, तेव्हा पायाखाली रबरी मॅट घ्या.

अवजारांत मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर तर लागतातच. त्याशिवाय गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी तीन-चार मीटर, त्या मापाचा एक प्लॅस्टिकचा टी (तीन तोंडांचा जोड), ५० मिलीची सिरिंज, स्टीलची पट्टी, बरा डिजिटल थर्मामीटर, आणि १०० ओहम व १२० ओहमचे दोन रेझिस्टर. औषधांच्या दुकानातून आणि हार्डवेअरमधून यातलं बहुतेक मिळतं. तपासणीची महागडी पेटी लागत नाही.

आधी पाणी मोजा

थंड पाण्याचा, कपड्यांशिवायचा प्रोग्राम लावा. मशीन पाणी भरून थांबलं की काचेवर मार्करने रेघ मारा. आता पाण्याचे बाहेरचे नळ हाताने बंद करा आणि प्रोग्राम होल्डवर ठेवून दहा मिनिटं थांबा. इथे वीज बंद करायची नाही. बहुतेक मोठ्या मशीनचा ड्रेन व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप उघडतो. आपल्याकडे पावसात वीज ये-जा करायला लागली की भरलेलं पाणी गटारात जातं ते यामुळेच, आणि पुन्हा भरताना लोकांना वाटतं मशीन जास्त पाणी खातंय.

दहा मिनिटांत पाणी रेघेखाली उतरलं तर ड्रेन व्हॉल्व्ह गळतोय. सेन्सर निर्दोष आहे. उलट परीक्षाही करा : बाहेरचे नळ उघडा आणि मशीन पाणी मागत नसताना बघा. पाणी वर चढत असेल तर इनलेट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, तो बंद होत नाही.

तारकर्लीजवळच्या एका रिसॉर्टवर मी गेलो तेव्हा तिथे टेंपरेचरचा प्रोब दोनदा बदलून झाला होता. तक्रार अशी की पाणी चाळीसच्या वर जातच नाही, मग मशीन एरर देऊन थांबतं. मी काचेवर रेघ मारून उभा राहिलो. पाणी पाच मिनिटांत दोन बोटं उतरलं, इनलेट उघडला, थंड पाणी आत आलं, पुन्हा उतरलं. हीटर बिचारा तापवतोय आणि खालून गरम पाणी चाललंय. ड्रेन व्हॉल्व्ह उघडला तर रबराच्या सीटवर वाळू आणि शिंपल्याचा एक तुकडा. समुद्रावर अंथरलेले टॉवेल न झटकता थेट ड्रममध्ये जात होते. प्रोब दोन्ही वेळा चांगलाच होता. बाहेर एक दोरी बांधून टॉवेल आधी झटकायला सांगितलं, तेव्हापासून तो त्रास गेला.

लेव्हल सेन्सर : सगळा खेळ हवेच्या नळीचा

बहुतेक मशीनमध्ये लेव्हल सेन्सर पाण्याला शिवतही नाही. ड्रमच्या तळाशी किंवा ड्रेनच्या खोलगट भागाजवळ एक छोटी हवेची कुपी असते. पाणी वर आलं की कुपीतली हवा कोंडते, तो दाब एका बारीक नळीतून वरच्या पॅनलमधल्या सेन्सरपर्यंत जातो. १०० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १ किलोपास्कल दाब. हा एवढा आकडा लक्षात ठेवलात की पुढची सगळी तपासणी सोपी होते.

जुन्या मशीनमध्ये वर प्रेशर स्विच असतो : दाब पुरेसा झाला की टिक करून कॉन्टॅक्ट बदलतो. नव्या मशीनमध्ये ट्रान्सड्यूसर असतो, जो दाबाप्रमाणे व्होल्टेज किंवा करंट देतो. काहींमध्ये तो पीसीबीवरच डकवलेला असतो आणि नळी थेट बोर्डापर्यंत येते. दोन्हींत बिघाडाची लक्षणं सारखीच.

नळीला किंवा कुपीला कुठे बारीक चीर असेल तर दाब निसटतो. पाणी भरलेलं असूनही मशीनला ते कमी वाटतं, ते भरत राहतं, शेवटी ओव्हरफ्लोमधून पाणी जातं. नळी किंवा कुपीचं तोंड बुजलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. रिकाम्या ड्रमवर बुजलं असेल तर दाब वर पोचत नाही आणि पुन्हा पाणी भरतच राहतं. भरलेल्या ड्रमवर बुजलं तर दाब आतच कोंडून राहतो. पाणी निघून गेलं तरी मशीन म्हणतं पाणी आहे. मग ते ना पुढचं पाणी घेत, ना स्पिनला जात, ना दरवाजा उघडत. नळीत मध्ये झोळ पडून तिथे पाण्याचा थेंब साचला तर आकडा कधी बरोबर, कधी चूक. हा शेवटचा प्रकार फार छळतो.

आता पायऱ्या. वीज बंद, कुलूप लावलेलं, ड्रम रिकामा.

नळी सेन्सरच्या टोकाला काढा. आधी ती संपूर्ण डोळ्याखालून घाला : कुपीपासून सेन्सरपर्यंत ती सतत वर चढत गेली पाहिजे, कुठे खाली उतरून पुन्हा वर नको. क्लिप सुटून ती हीटरच्या पेटीवर टेकलेली मी अनेकदा पाहिली आहे. तिथे ती मऊ पडते आणि दुमडते. टोकाजवळ रबर कडक होऊन तडकलेलं असेल तर तेवढा दोन सेंटिमीटरचा भाग कापून पुन्हा घट्ट बसवा. अर्ध्या वेळा काम इथेच संपतं.

सुटलेल्या टोकातून ड्रमच्या दिशेने तोंडाने हळू फुंका. खाली थोडं पाणी असेल तर बुडबुड ऐकू आली पाहिजे. फुंकर जात नसेल तर कुपी खोलून साफ करा. आत लिंट (कपड्यांचे तंतू), साबणाचा चिकटा आणि आपल्याकडे हमखास तांबूस गाळ सापडतो. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असतं, तो गंज तिथे बसतो. किनाऱ्यावर त्यात वाळूची भर. बाटली घासायच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने धुवा. कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो, पण नळी सेन्सरला जोडलेली असताना कॉम्प्रेसरची हवा मारलीत तर सेन्सरचा पातळ पडदा फाटतो. त्यानंतर मात्र सेन्सर खरंच गेलेला असतो आणि तो तुम्ही मारलेला असतो.

मग गळतीची परीक्षा. लेव्हल नळी इंग्रजी ‘यू’ सारखी वाकवून पट्टीवर बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक टीमधून सिरिंजला आणि मशीनच्या हवेच्या नळीला जोडा. नळीचं कुपीकडचं टोक काढून बुचाने बंद करा. सिरिंज हळू दाबा, दोन्ही बाजूंच्या पाण्यात २०० मिलिमीटरचा फरक येऊ द्या, सिरिंज तशीच धरून ठेवा. पाच मिनिटांत फरक टिकला तर नळी शाबूत. हळूहळू उतरत गेला तर साबणाचं पाणी लावून फुगा कुठे येतो बघा.

नळी निर्दोष निघाली तर हीच रचना आता सेन्सरवर लावा. प्रेशर स्विच असेल तर ११ हा कॉमन, १२ आधीपासून जोडलेला, १४ टिक झाल्यावर जोडला जाणारा असं बहुतेक कंपन्या लिहितात. मीटर बझरवर ठेवा, दाब हळू वाढवा, टिक कोणत्या मिलिमीटरवर झाली आणि दाब सोडताना कोणत्या मिलिमीटरवर परतली, दोन्ही आकडे लिहून ठेवा. दोन्हींत थोडा फरक असायलाच हवा, नाहीतर पाणी जरा हललं की व्हॉल्व्ह उघडझाक करत बसेल. टिक ऐकू येते पण मीटर गप्प राहतो, म्हणजे कॉन्टॅक्ट जळलाय. तो घासून चालवू नका, बदला.

ट्रान्सड्यूसरला वीज देऊन तपासावं लागतं, म्हणून स्क्रूड्रायव्हर, हात, वायरी यांची काळजी घ्या आणि पेटीतल्या बाकीच्या टर्मिनलवर प्लॅस्टिकची जाड शीट अडकवा. समजा सेन्सरवर ०–५ किलोपास्कल आणि ०.५–४.५ व्होल्ट असं लिहिलंय. नळी काढून, हवेला उघडा असताना सुमारे ०.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. सिरिंजने २५० मिलिमीटर दाब द्या, म्हणजे २.४५ किलोपास्कल, आउटपुट साधारण २.४६ व्होल्ट हवा. ४–२० मिलिॲम्प करंटचा सेन्सर असेल आणि त्याची रेंज ०–५०० मिलिमीटर असेल, तर रिकामा असताना ४ मिलिॲम्प आणि २५० मिलिमीटरला १२. आकडा शून्यावर बरोबर पण वर गेल्यावर चुकतो, किंवा दाब स्थिर ठेवूनही सरकत राहतो, तर सेन्सर बदलायला हरकत नाही. आकडे जुळले आणि डिस्प्ले मात्र चूक दाखवतोय, तर वायर, कनेक्टर, मग पीसीबी.

सगळं ठीक असूनही धुण्याच्या मध्येच लेव्हल नाचत असेल तर फेस बघा. देशावरचं पाणी जड, आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं बहुधा मऊ. पुण्याकडच्या हॉटेलातून आलेला सुपरवायझर तिथलाच साबणाचा डोस इथे लावतो, ड्रम फेसाने भरतो आणि कुपीत पाण्याऐवजी फेस शिरतो. साबण निम्मा करून एक सायकल चालवून बघा. गरम धुण्यानंतर पाणी थंड होताना मशीन मध्येच थोडं पाणी घेतं, तेही घाबरण्यासारखं नाही. कुपीतली हवा थंड होऊन आकसते, पाणी कुपीत वर चढतं, दाब कमी वाटतो. दरवेळी असं फार होत असेल तरच कुपी बुजलीय का बघा.

सकाळी बरं, दुपारी वेडं

मालवणातल्या एका हॉटेलची ही भानगड मला तीन फेऱ्यांनंतर कळली. लाँड्रीवाला सांगायचा, ‘ओ काकानू, मशीन सकाळी बरा चलता, दुपारी येडा होता.’ आणि खरंच, सकाळी लेव्हल मिलिमीटरपर्यंत बरोबर, दुपारी तेच मशीन ओव्हरफ्लो. नळी बदलली, कुपी धुतली, सेन्सर सिरिंजवर तपासला, सगळं बरोबर. मी तपासायचो ते सकाळी, पॅनल थंड असताना.

ट्रान्सड्यूसरला दोन तोंडं असतात. एकाला नळी, दुसरं बारीक भोक बाहेरच्या हवेला उघडं, कारण सेन्सर मोजतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. मशीन पावसाळ्यात तीन महिने बंद होतं. तेवढ्यात कुंभारमाशीने त्या भोकावर मातीचं घर बांधलं होतं, अगदी सफाईदार. आतली हवा कोंडली. दुपारी पॅनल तापलं की ती हवा तापायची आणि उलट दिशेने पडदा दाबायची. बंद हवा दहा अंशांनी तापली तर दाब साधारण ३.४ किलोपास्कल वाढतो, म्हणजे जवळपास ३४० मिलिमीटर पाण्याएवढा! एवढं पाणी मशीनला ‘नाहीच’ वाटत होतं. टाचणीने माती काढली, भोकावर बारीक जाळी लावली, झालं.

तेव्हापासून मी ते भोक सगळ्यात आधी बघतो. कुंभारमाशी नसली तर रंगाचा थेंब, ग्रीस, मुंग्यांची अंडी, काहीही असू शकतं. आणि ज्या वेळी तक्रार येते त्याच वेळी तपासतो. सकाळी जाऊन दुपारचा रोग सापडत नाही.

टेंपरेचर : आकडा आधी, प्रोब नंतर

मशीन ‘तापत नाही’ म्हणतं, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पाणी खरंच तापत नाही, किंवा पाणी तापतंय पण मशीनला कळत नाही. पाणी सोडताना मागच्या ड्रेनच्या चरात थर्मामीटरची दांडी धरा. हात लांब, हातमोजे घालून. तिथे एक-दोन अंश कमी दिसेल, तेवढं धरून चाला. डिस्प्ले आणि थर्मामीटर जवळपास सारखे, तर प्रोब बरोबर आहे आणि हीटरकडे वळायचं.

हीटरला किती वेळ लागायला हवा हे काढता येतं. ६० लिटर पाणी २८ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २.२ युनिट ऊर्जा लागते. १२ किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी अकरा मिनिटं. कपडे आणि स्टील तापतं म्हणून आणखी काही मिनिटं. तुमच्या मशीनला यापेक्षा दुप्पट वेळ लागत असेल तर क्लॅम्प मीटर घ्या. १२ किलोवॉटला प्रत्येक फेजवर साधारण १६–१७ ॲम्पिअर हवेत. एका फेजवर शून्य आणि उरलेल्या दोन्हींवर चौदाच्या आसपास, तर एक फेज हीटरपर्यंत पोचत नाही : फ्यूज, कॉन्टॅक्टरचा जळलेला कॉन्टॅक्ट, किंवा सैल पडलेली लग (वायरच्या टोकाची चकती). अशा वेळी हीटरची ताकद निम्मी होते, पाणी तापतं पण रडत-रडत, आणि ठरलेली वेळ संपली की मशीन टेंपरेचर एरर देतं. त्या एररवर विश्वास ठेवून किती प्रोब फुकट गेले असतील, देव जाणे.

आता डिस्प्ले आणि थर्मामीटर जुळत नाहीत असं धरू. प्रोब कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवा. मोठ्या मशीनमध्ये बहुधा पीटी-१०० असतो (प्लॅटिनमचा, तापला की ओहम वाढतात), काहींत एनटीसी. वीज बंद करून, प्रोबच्या वायरी बोर्डापासून सोडवून मोजा. पीटी-१०० चे आकडे असे :

० अंश : १००.० ओहम
३० अंश : १११.७ ओहम
६० अंश : १२३.२ ओहम
९० अंश : १३४.७ ओहम

म्हणजे एका अंशाला जेमतेम ०.३९ ओहम. वायरीत आणि जोडांत एक ओहम जास्त आला तर मशीनला पाणी अडीच अंशांनी गरम वाटतं. म्हणून प्रोबला तीन वायरी देतात, बहुधा दोन लाल आणि एक पांढरी. दोन लाल वायरींमध्ये जवळपास शून्य आलं पाहिजे, लाल आणि पांढऱ्यामध्ये वरचा आकडा. लाल-लालमध्ये चार-पाच ओहम येत असतील तर जोड खराब आहे. मधे कुणीतरी तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारलेली असते, हे तिचंच काम. आणि तिसरी वायर लांबी पुरत नाही म्हणून गाळून टाकणारे महाभागही भेटतात.

साधा मल्टिमीटर या रेंजमध्ये एखादा ओहम सहज चुकतो. त्यासाठी रेझिस्टरची युक्ती. तुमच्याकडच्या १२० ओहमचा रेझिस्टर एकदा चांगल्या मीटरवर मोजून त्यावर आकडा लिहून ठेवा. मशीनच्या बोर्डावर प्रोबच्या जागी तो लावा (दोन्ही लाल टर्मिनल एकत्र करून), वीज द्या. नेमके १२० ओहम असतील तर डिस्प्लेवर ५१ ते ५२ अंश दिसले पाहिजेत. दिसले तर बोर्ड निर्दोष आणि दोष प्रोबचा किंवा वायरीचा. नाही दिसले तर बोर्डाचं सेटिंग चुकलंय, बहुधा प्रोबची जात चुकीची निवडली गेलीय, किंवा बोर्डच गेलाय.

एनटीसीचं वागणं उलटं : तापल्यावर ओहम कमी होतात. १० हजारवाला असेल तर २५ अंशांना १० हजार, ६० अंशांना दोन ते तीन हजारांच्या मध्ये. यात एक धोका आहे. पीटी-१०० ची वायर तुटली तर मशीनला पाणी प्रचंड गरम वाटतं आणि हीटर बंद राहतो. एनटीसीची वायर तुटली तर पाणी बर्फासारखं थंड वाटतं. बरेचसे बोर्ड हे ओळखून एरर देतात, पण जुन्या किंवा स्थानिक बनावटीच्या कंट्रोलरवर हीटर चालूच राहिलेला मी पाहिला आहे. अशा मशीनला स्वतंत्र ओव्हरहीट थर्मोस्टॅट आहे का आणि तो बायपास केलेला नाही ना, हे नक्की बघा.

प्रोब काढून हातात घेतलात की बर्फाची आणि उकळत्या पाण्याची परीक्षा घ्या. बर्फाची आपल्याकडे काय कमतरता? मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठल्याही बंदराजवळ बर्फाचा कारखाना असतो. बर्फ थेट कारखान्यातून, पिशवीत घ्या. मासळीवरचा उचलू नका. त्यात मीठ उतरलेलं असतं आणि खारट बर्फाचं तापमान शून्याच्याही खाली जातं, मग तुम्ही चांगल्या प्रोबला नावं ठेवणार. बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये तळापर्यंत गच्च भरा, त्यात स्वच्छ थंड पाणी ओता, प्रोब मधोमध पाच मिनिटं ठेवा. शून्य अंश यायला हवेत, म्हणजे पीटी-१०० वर १०० ओहम. नंतर खळखळ उकळत्या पाण्यात, भांड्याला न टेकवता. किनाऱ्यावर १०० अंश. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर काम असेल तर दोनेक अंश कमी धरा. साध्या दर्जाच्या पीटी-१०० ला शून्याजवळ ०.३ आणि शंभराजवळ ०.८ अंशांची सूट नियमानेच असते. त्यापेक्षा जास्त चुकला तर बदला.

प्रोब बरोबर, बोर्ड बरोबर, पण डिस्प्ले पाण्याच्या मागे रेंगाळतो, असं असेल तर पॉकेट बघा. प्रोब ज्या स्टीलच्या नळकांडीत बसतो तिच्यावर क्षार किंवा तांबूस थर चढला की उष्णता आत पोचायला वेळ लागतो. समुद्रालगतच्या खाऱ्या बोअरवेलवर हा थर लवकर जमतो. वाफ थेट पाण्यात सोडणाऱ्या मशीनमध्ये उलटा घोळ होतो : वाफेचं तोंड प्रोबजवळ असलं की प्रोब तापतो, बाकीचं पाणी कोमटच. अशा वेळी आकडा आल्यानंतर ड्रम दोन मिनिटं फिरू द्या आणि पुन्हा बघा.

हॉटेलच्या चादरी पाच अंश कमी तापल्या तर डाग राहील, एवढंच. हॉस्पिटलचं तसं नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या सूचनांप्रमाणे रुग्णालयातले कपडे ६५ अंशांवर किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशांवर किमान ३ मिनिटं राहायला हवेत, पाणी सगळीकडे सारखं तापायला लागणारा वेळ वेगळा. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सूचना ७१ अंशांवर २५ मिनिटं म्हणतात. तुमचा प्रोब सहा अंश जास्त दाखवत असेल तर ७१ म्हणून ६५ वरच तीन मिनिटं होतायत. तिथे मी अंदाजावर काम सोडत नाही.

खारी हवा

समुद्राकडून येणारी हवा पॅनलमध्ये मीठ घेऊन येते आणि पावसात ते मीठ ओलं होतं. सेन्सरच्या सिग्नलला करंट फार कमी असल्याने कनेक्टरवरचा हिरवट थर त्याला लगेच अडवतो. लक्षण ठरलेलं : एरर येते, कनेक्टर काढून घातला की जाते, चार दिवसांनी परत येते. पिन बारीक ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. पिन काळी पडून खड्डे पडले असतील तर कनेक्टर बदला. वायरचं टोक सोललं तर आत तांबं काळं दिसतं का बघा. दिसलं तर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत जा. पॅनलचं रबरी सील फाटलं असेल तर ते बदलणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, त्यानंतर पाण्याखाली गेलेली मशीनं खोलायचं काम बरेच दिवस चाललं. पुरातल्या मशीनला वीज देऊन ‘बघूया चालतंय का’ करायचं नाही. आधी चिखल धुवायचा, बोर्ड आणि कनेक्टर वाळवायचे, मोटर आणि हीटरचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजायचं. लेव्हल ट्रान्सड्यूसरच्या बारीक भोकात गाळ गेला असेल तर तो धुवून वाचवायच्या नादी लागू नका. पीटी-१०० मात्र अनेकदा वाचतो, त्याची फक्त वायरीची बाजू खराब झालेली असते.

बसवल्यावर

दुरुस्तीनंतर लेव्हलचा शून्य ड्रम पूर्ण रिकामा असताना आणि नळी क्षणभर काढून पुन्हा जोडल्यावरच सेट करा. तळाशी दोन बोटं पाणी उरलेलं असताना शून्य केलात तर मशीन कायमचं दोन बोटं जास्त भरेल. मग कपड्यांशिवाय एक थंड आणि एक साठ अंशांची सायकल चालवा, दोन्ही वेळा काचेवरची रेघ आणि ड्रेनमधलं तापमान मोजा.

पावसाळ्यासाठी मशीन बंद ठेवणार असाल तर ड्रेन उघडा ठेवून दरवाजा किंचित उघडा ठेवा, सेन्सरच्या भोकावर जाळी आहे ना बघा, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास पॅनलला वीज द्या म्हणजे आतला ओलावा सुकतो.

शेवटी पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख घालून चार आकडे लिहा : रिकाम्या ड्रमवर सेन्सरचे व्होल्ट, ठरलेल्या लेव्हलवरचे व्होल्ट, खोलीच्या तापमानाला प्रोबचे ओहम, आणि साठ अंशांपर्यंत लागलेली मिनिटं. पुढच्या वेळी दुसरा कुणी आला तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो. मालवणच्या त्या मशीनवर माझे आकडे अजून आहेत. खाली लाँड्रीवाल्याने पेनाने लिहिलंय, ‘भोक बघ.’